उघाडीजवळची नऊ रोपं

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमाराला, पनवेलच्या मच्छी बाजारात किशोरी एका अनोळखी मुलाशी पेंढ्यावरून हुज्जत घालत होती.

त्या बाजारात आजवर भावावरून, वजनावरून, शिळ्या-ताज्यावरून हजार वाद झाले असतील. पेंढ्यावरून झालेला बहुधा हा पहिलाच. मुलगा कोळणींच्या रांगेत अंग चोरून बसला होता. पुढ्यात टोपली, टोपलीत ओल्या पेंढ्यावर निजवलेले दोन जिताडे. येणारंजाणारं गिऱ्हाईक जिताड्यांकडे बघत होतं आणि ही एकटीच वाकून पेंढा उसकत होती.

"ताजा हाय मॅडम. पहाटे तलावातनं काढलाय. कल्ले बघा, लालभडक."

"कल्ले राहू द्या. ही लोंबी कुठली?"

"कुठली म्हणजे? भाताची."

"ते दिसतंय मला!" तिने पेंढ्यातून ओढलेली वाळकी लोंबी त्याच्या नाकासमोर धरली. दाणे केव्हाच झडले होते. दोन पोचट तेवढे चिकटून होते, पण त्या दोन्हींना बोटभर लांब, तांबूस कुसळं होती. "हा पेंढा मला हवाय."

"पेंढा विकायचा नाय." त्याने ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलं. "जिताडा विकायचा हाय."

"मग जिताडा द्या. पेंढ्यासकट."

"आणि पेंढा नाय दिला तर?"

"तर मी इथेच बसेन." आणि ती खरोखरच त्या ओल्या फरशीवर उकिडवी बसली.

शेजारची कोळीण खळखळून हसली. "दे रे मिथुन! पोरगी पेंढ्यावर भाललीय का तुज्यावर, ते मागनं बघू!"

मिथुनचे कान जिताड्याच्या कल्ल्यांसारखे झाले. पेंढा मिळाला... आणि त्याच्यासोबत फोन नंबरही.

आता किशोरीचं पेंढ्याशी काय नातं, ते सांगायला हवं. ही विचुंब्याच्या नव्या सोसायटीत आईवडलांबरोबर राहणारी, वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी. विषय खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेतातल्या, जुन्या भाताचा. खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं तरी जे भात मान टाकत नाही, त्याला हा गुण कुठून येतो आणि पुढच्या पिढीत कसा उतरतो, हे तिला शोधायचं होतं. अडचण एवढीच, की ते भात सापडत नव्हतं. दोन वर्षं ती बांधाबांधांनी फिरली. जिथे जावं तिथे म्हातारी माणसं "होतं की!" म्हणायची आणि समोरच्या टॉवरकडे बोट दाखवायची. त्यात स्वभाव असा, की घराबाहेर पडताना तीनदा गॅस बघायचा आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघायचा. मार्गदर्शक सरांचा फोन आला की हिच्या पोटात गोळा. फोन नाही आला तर त्याहून मोठा.

मिथुन आठवडाभर कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ वजनकाट्यावर काम करायचा आणि रविवारी घरच्या तलावातली मासळी बाजारात आणायचा. खाडीलगतच्या पाड्यावर त्याचं घर, घराखाली खाजण, आणि खाजणाच्या टोकाला उघाडी. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ देत नाही. निदान येऊ देऊ नये, अशी अपेक्षा.

"आई होती तोवर लावायची ते भात," त्याने दुसऱ्या भेटीत सांगितलं. "तीन वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हापासून खाजण ओसाडच हाय. टोपलीतला पेंढा पन तेव्हाचाच. एक मुडा बी हाय माळ्यावर टांगलेलं. पेंढ्यात बांधून ठेवलंय तसंच. बाबा हात लावू देत नाय."

किशोरीने मनात हिशेब मांडला. तीन वर्षांचं बी! भाताचा दाणा असा किती दिवस जीव धरून राहणार? यंदा पेरलं नाही तर पुढच्या वर्षी ते बी नव्हे, नुसते तांदूळ.

मिथुनच्या बाबांना तयार करायला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी मिथुनने मुडा दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवला. "एवढंच हाय," तो म्हणाला. "याच्या पलीकडं कुठंच नाय. दसऱ्याला दारावर आईच्या भाताचं नवं, ताज्या लोंब्यांचं तोरण, बांधायचं, असं बाबांना सांगितलंय मी. तीन वर्षं झाली, बाबा दाराला तोरणच लावत नाय."

आता तुम्हीच सांगा, गॅस चारदा बघणाऱ्या मुलीच्या हातात असं काही द्यावं का?

बहुतेक दाणे मेलेलेच निघाले. सात दिवस किशोरीचा जीव टांगणीला. आठव्या दिवशी ओल्या फडक्यावर पांढरी टिंबं दिसायला लागली... मोजून बासष्ट. तिने फोटो पाठवला आणि मिथुनने उत्तरात नुसतं लिहिलं, 'बासष्ट!' पुढे पाच हसरे चेहरे आणि एक रडका.

जुलैमध्ये उघाडीजवळच्या खाचरात लावणी झाली. प्रत्येक रोपाशी आकडा लिहिलेली काडी. प्रत्येकाचं एक पान तोडून तिने प्रयोगशाळेत पाठवलं. मग दर रविवारी मासळी विकून मिथुन बांधावर यायचा, ती मोजपट्टी घेऊन चिखलात उभी असायची, आणि मिथुनची म्हातारी आत्या, ठमाबाई, शेळी चारायच्या निमित्ताने दोघांवर डोळा ठेवून असायची.

"मॅडम, एक विचारू? कुसळं कशासाठी असतात?"

"कशासाठी असं काही नसतं."

"असं कसं? पाखरांनी दाणा खाऊ नये म्हणून असतात. आई सांगायची."

"अहो, भाताला काय डोकं आहे ठरवायला? ज्या दाण्यांना कुसळं होती ते पाखरांनी टाळले, ते उरले. उरले त्यांची पोरं झाली, त्यांना पण कुसळं. कुणी कुणासाठी काही केलेलं नाही. नुसतं... उरलंय."

"म्हणजे सगळं आपोआप."

"सगळं."

"मोराचा पिसारा?"

"आपोआप."

"आणि तुमच्या गालावर ती खळी पडते... ती पन?"

किशोरीच्या हातातली मोजपट्टी चिखलात पडली. "आनुवंशिक आहे," ती वाकून चाचपडत म्हणाली, "माझ्या वडलांकडून."

"त्यांचे आभार मानायला पायजे एकदा," मिथुन म्हणाला. बांधावरून ठमाबाई मोठ्याने खोकली.

असं चाललं होतं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्याने घरून तिच्यासाठी भाकरी आणि कोलंबीचं सुकं आणलं. तिला ठसका लागला, तेव्हा पाण्याची बाटली पुढे करत तो घाईत म्हणाला, "पी, पी... आधी पाणी पी." 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं आणि ते परत फिरवायची कुणाचीच तयारी दिसेना. घरी जाताना किशोरी रिक्षात एकटीच हसत होती. मग तिला काळजी वाटायला लागली. इतकं बरं चाललंय, म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकत असणार!

फक्त एका गोष्टीवर मिथुन तिचं ऐकायचा नाही.

"बाकी सगळं आपोआप असेल," तो म्हणायचा, "पन आईचं तसं नाय. तिला ठाऊक होतं एक दिवस बांध फुटणार, खारं पाणी आत येणार. आमच्यासाठी राखलं तिने हे बी. ठरवून राखलं."

यावर किशोरी वहीत आकडे उतरवत राहायची. माणसं ठरवून राखतात, हे खरंच होतं. आणि हे म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की वाद घालायची इच्छाच राहायची नाही.

त्याच महिन्यातल्या एका बुधवारी ती एकटीच खाचरात आली आणि तिचे डोळे नऊ रोपांवर अडकले.

बासष्टांतली नऊ वेगळी होती. बुंध्याशी जांभळी, इतरांहून उंच, पानं जरा फाकलेली. त्रेपन्न एकसारखी आणि ही नऊ उंडगी. रानभात! भाताच्या रोपात बेमालूम मिसळून वाढणारं, दाणे पिकायच्या आत चिखलात झाडून टाकणारं, दुसऱ्या भाताशी संकर झाला तर अख्खं बियाणं नासवणारं. पुस्तकात वर्णन होतं तसंच. बुंध्याशी जांभळट. आठवड्याभरात फुलोरा येईल, परागकण उडतील, आणि मिथुनच्या आईचं जपलेलं भात भेसळीचं होऊन बसेल.

तिने सरांना फोन लावला. लागला नाही. परत लावला. लागला नाही. एखादी शांत डोक्याची मुलगी म्हणाली असती, उद्या विचारू. किशोरीला उद्यापर्यंत धीर धरवला असता, तर ही गोष्टच घडली नसती. तिने ती नऊ रोपं मुळासकट उपटली आणि बांधावर टाकली. ठमाबाईच्या शेळीने ती पाच मिनिटांत फस्त केली, वर आणखी आहे का म्हणून मान उंचावून बघितलं.

संध्याकाळी मिथुनचा फोन आला. "आज गेली होतीस ना? काय केलंस?"

"काही नाही... थोडं तण काढलं."

"थँक्यू," तो म्हणाला. इतक्या मायेने म्हणाला, की तिला बरंच वाटलं.

भादव्यातल्या पौर्णिमेला उधाण आलं. उघाडीची फळी कुजली होती, ती निसटली आणि खाडीचं पाणी दोन दिवस खाचरात उभं राहिलं. मिथुनने गळाभर पाण्यात उतरून फळी ठोकली. किशोरी भेदरली होती, पण तो उलट खुशीत होता. "बघ आता! हेच तर हवं होतं ना तुला? आता कळेल आईचं भात काय हाय ते!"

कळलं. चौथ्या दिवशी पानांची टोकं करपली. सहाव्या दिवशी रोपं पिवळी पडली. आठव्या दिवशी त्रेपन्नच्या त्रेपन्न रोपांनी माना टाकल्या.

आणि नवव्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. किशोरीने तो मोबाईलवर उघडला, दोनदा वाचला, मग लॅपटॉपवर उघडून तिसऱ्यांदा वाचला. त्रेपन्न रोपं म्हणजे गावोगाव लावतात ते साधं सुधारित वाण. उरलेली नऊ मात्र कशाशीच जुळत नव्हती. वेगळं, जुनं, कुठेच नोंद नसलेलं भात. खालच्या ओळीत प्रयोगशाळेतल्या बाईंनी आपणहून लिहिलं होतं, 'अभिनंदन! ही नऊ रोपं जपा.'

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. किशोरी हसली नाही. ती बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडली.

त्यानंतरचे सहा दिवस तिने मिथुनचे फोन उचलले नाहीत. सांगायचं काय? तुझ्या आईची शेवटची आठवण मी माझ्या हाताने उपटली आणि शेळीला घातली? सांगितलं तर तो जाणार, नाही सांगितलं तर तो आयुष्यभर समजणार की आईच्या भातात काही दम नव्हताच. दुसरा विचार पहिल्याहून वाईट होता. त्याच्या बाबांचं ओकंबोकं दार तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि या सगळ्याच्या तळाशी एक लाजिरवाणी, स्वतःलाही कबूल न करता येणारी भीती होती... भाताचं जाऊ दे, पीएचडीचं जाऊ दे, पण 'खळी पडते... ती पन?' विचारणारा तो आवाज परत ऐकायला मिळणार नाही.

सातव्या दिवशी ती बांधावर गेली आणि सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघत. अहवाल, जांभळे बुंधे, शेळी, सगळं.

मिथुनने करपलेलं एक रोप उपटून हातात घेतलं. ओरडला असता तर परवडलं असतं.

"तण काढलं म्हणाली होतीस," तो शेवटी बोलला. "मी थँक्यू म्हटलं तुला."

"मला तेव्हा माहीत नव्हतं रे..."

"मला विचारायचं होतंस. एक फोन." त्याने ते रोप खाली टाकलं. "बाबांना काय सांगू मी आता?"

तो निघून गेला. किशोरी तिथेच उभी राहिली. आपल्यावर कुणी इतकं कमी बोलून इतकं रागावू शकतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढचा रविवार दसऱ्याच्या आधीचा. काड्या तरी गोळा करून आणाव्यात म्हणून ती भल्या सकाळी गेली. मिथुन तेव्हा बाजारात असतो, भेट व्हायची नाही, असा हिशेब. ठमाबाई मात्र होती. शेळीही होती. किशोरीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आत्या, माझ्यामुळे मिथुनच्या आईचं भात गेलं," ती म्हणाली. न सांगता राहवेना. "एवढी वर्षं जपलं होतं त्यांनी."

"कोनी?" ठमाबाई म्हणाली. "भावजयीनं? जपलं कसलं! तिचा गुडगा दुकायचा गो."

"म्हणजे?"

"ह्या उगाडीपासनं वर घरापोत चालायचं म्हंजे तिच्या जिवावर यायचं. दुपारची भाकर खायला ती हितंच बसायची, फलीवर. बसल्या बसल्या हाताला येतील त्या लोंब्या खुडायची. तेच बी. मी बोलायची, वरच्या खाचरातलं निवड, तितं दाना कसा भरलाय. तर बोलायची, भात ते भात. पंचवीस वरसं तिनं हितनंच बी नेलं. त्याला जपनं बोलतात व्हय?"

किशोरी काड्या हातात धरून थिजली. उघाडीची फळी नेहमीच थोडी झिरपायची. म्हणजे शेतातला सगळ्यात खारट कोपरा हाच. इथे जे तगायचं तेच लोंबीवर यायचं, आणि एक बाई गुडघा दुखतो म्हणून नेमकं तेच खुडायची. कुणी काही ठरवलं नव्हतं. ज्या गोष्टीवर ती अख्खा प्रबंध लिहीत होती, ती इथे फळीवर बसून भाकरी खात घडली होती.

"मग बाकीची त्रेपन्न कुठून आली?" ती पुटपुटली.

"माझी हायत ती."

ती दचकून वळली. मिथुन मागे उभा होता. आज टोपली नव्हती, बाजारात गेलाच नव्हता. दाढी वाढलेली. झोप झालेली दिसत नव्हती.

"शेवटच्या वर्षी आई दवाखान्यात होती," तो सावकाश म्हणाला. "मुडा अर्धा पन भरला नव्हता. मग मी गेलो. म्हटलं, आईचं बी म्हणजे चांगलंच पायजे. वरच्या खाचरातल्या भरघोस लोंब्या बघून बघून निवडल्या, आणि त्याच्यात घातल्या. तिला सांगितलं, आई, मुडा भरला." तो थांबला. "तुला पन सांगितलं नाय मी. काय फरक पडतो, असं वाटलं. वरचं भात बाबांनी दुकानातनं आणलेलं होतं... हे परवा त्यांना विचारलं तेव्हा कळलं."

"मिथुन..."

"त्रेपन्न माझी. नऊ तिची." तो उघाडीच्या फळीवर बसला. "मी ठरवून निवडलं, ते सगळं मेलं. तिने गुडघा दुखतो म्हणून खुडलं, ते टिकलं असतं. आणि तू... तू पन जपायलाच गेली होतीस. आता कुणावर रागवायचं सांग? पाच दिवस तेच करून बघितलं. जमत नाय."

किशोरीचे डोळे भरून आले. "रागाव माझ्यावर. तण म्हणून सांगितलं ते चुकलंच माझं. पण आईचं असं नको म्हणूस. ठरवलं नसेल त्यांनी, पण पंचवीस वर्षं लावणी कुणी केली? गुडघा दुखत असताना चिखलात कोण उतरलं? ते आपोआप नसतं."

त्याने नुसता हात पुढे केला, तिच्या हातातल्या काड्या घेतल्या, आणि काड्यांबरोबर तो हातही धरून ठेवला. ठमाबाई चक्क खोकली नाही. तिने शेळीचं दावं ओढलं आणि जाता जाता म्हणाली, "तिनं लग्नात म्हायेरनं आनलंवतं ते बी. उरनकडनं. तितं बघा हाय का. नायतर बसा हितंच रडत."

दसऱ्याच्या सकाळी दोघं मिथुनच्या मोटरसायकलवरून मामाच्या गावी निघाली. किशोरीने वाटेत सतरा शंका काढल्या. मामांनी शेती सोडली असेल तर? भात असलं, पण ते नसलं तर? आणि सगळ्यात मोठी शंका तिने मोठ्याने काढलीच नाही. सणासुदीच्या दिवशी एक अनोळखी मुलगी मागे बसवून हा मामाच्या दारात जाणार. तिथे काय सांगणार? कॉलेजच्या मॅडम?

"इतकी गप्प का?" मिथुनने वाऱ्यातून विचारलं.

"घरचा गॅस आठवतोय."

"चार वेळा बघितला असशील."

"पाच."

तो हसला, आणि दोन आठवड्यांनी ते हसू ऐकून तिला इतकं बरं वाटलं, की तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर उचलला नाही.

शंका खऱ्याच निघाल्या. मामा बंदरावर कामाला गेले होते आणि मामीने सांगितलं, "शेती? सात वरसं झाली रे सोडून. बांद फुटला, सगळं खाजन खाडीनं घेतलं. कोन लावतो आता?"

मिथुनचा चेहरा उतरला. मामीने पाणी आणून दिलं आणि सहज म्हणून पुढे बोलली, "तरी उगवतं म्हना दरसाल. आपोआपच. कोन कापत पन नाय. कुसलं बगून गुरं पन तोंड लावत नाय."

किशोरीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "कुठे?"

घरामागच्या बांधावरून दोघांनी खाली बघितलं. तिवरांच्या झुडपांच्या अलीकडे, खाडीचं पाणी रोज येऊन जातं अशा ओसाड चिखलात, विरळ विरळ भात उभं होतं. उंच, फाकलेलं, बुंध्याशी जांभळं. तांबूस कुसळं वाऱ्यावर हलत होती. सात वर्षं कुणी पेरलं नव्हतं, कुणी राखलं नव्हतं. लोंबीवरून हात फिरवला तर दाणे हातात येण्याआधी चिखलात गळत होते. गळतात म्हणूनच दर वर्षी उगवतात. माणसासाठी लोंबीवर थांबून राहिले असते तर केव्हाच संपले असते. हे भात कुणासाठीच नव्हतं. तरीही ते बघून मिथुन ढसाढसा रडला, आणि किशोरीने त्याला रडू दिलं.

"तेच हाय ना?" त्याने डोळे पुसत विचारलं.

'हो' म्हणणं किती सोपं होतं! पण या खेपेला तिने घाई केली नाही. "आत्ता नाही सांगता येणार. सात वर्षं नुसतं वाऱ्यावर आहे, बरंच बदललं असेल. पानं पाठवून तपासावं लागेल. कदाचित तुझ्या आईच्या भाताचं लांबचं भावंड निघेल."

"तपास," तो म्हणाला. "मी वाट बघीन. पन चार लोंब्या आज नेऊ. बाबांना खरं काय ते सगळं सांगू, आणि दारावर बांधू. चालेल?"

"चालेल. दाणे गळतील मात्र वाटेत."

"गळू दे."

चिखलात उतरून तिने हलक्या हाताने चार लोंब्या कापल्या आणि ओढणीच्या टोकात गुंडाळल्या. वर बांधावर मामी कमरेवर हात ठेवून उभी होती. मघापासून ती भाताकडे नव्हे, किशोरीकडेच बघत होती.

"मिथुन, पोरगी कोन रे ही? सांगितलंस नाय."

मिथुनने घसा खाकरला. कान लाल झाले. "ही... म्हणजे मामी, ही त्या भाताचं..."

किशोरीच्या मनात आलं, थांबावं, याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, उद्या विचारावं... पण असं थांबून राहायची तिची तयारी नव्हती. तिने गुडघाभर चिखलातून वर बघितलं.

"मी किशोरी," ती म्हणाली. "भाताच्या निमित्ताने भेटलो आम्ही, मामी. पण आज मी भातासाठी आलेली नाही. ह्याच्याबरोबर यायचं होतं म्हणून आलेय."

मिथुन तिच्याकडे बघतच राहिला. मामीने दोघांना आळीपाळीने न्याहाळलं, मग पदर कमरेला खोचला.

"मग चिकलात काय उबी राह्यलीस? वर ये. पाय धू," ती म्हणाली. "जेवल्याबिगर कोनी जायचं नाय."

मिथुनने बांधावरून हात खाली दिला. तो धरून किशोरी वर आली.